नवऱ्याने लिहिलं म्हणून मिरवणं झालं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हाच खाली उत्तर टाकणार होतो पण ते लांबत गेलं म्हणून वेगळंच लिहितोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी बायकोच्या पदवीदानाचा फोटो टाकून नीट पीजीपासून (म्हणजे एमडीच्या प्रवेशपरीक्षेपासून) एमडीच्या प्रॅक्टिकलपर्यंत घरात काय काय चाललं ते लिहिलं होतं. त्यावर ताईंचं म्हणणं असं की नवऱ्याने चार पोळ्या लाटल्या की त्याची लगेच पोस्ट होते, आणि त्यांनी स्वतः १९८९ मध्ये नवऱ्याच्या एमएसच्या वेळी कडेवर पोर घेऊन, भाड्याने आणलेल्या टाइपरायटरवर त्याचा थिसिस टाइप केला तर त्याचं कोणी नावही काढलं नाही. दुसरा मुद्दा, परीक्षांची एवढी रांग होती तर लग्नाची घाई कशाला केली. आणि तिसरा, डिग्री तिची तर फोटोत मधोमध तुम्ही का.

तिसऱ्याचं आधी उरकतो. फोटोग्राफर म्हणाला उंच माणसं मध्ये. संपलं.

पोळ्यांचं पण सांगतो, मला पोळ्या येत नाहीत. पोस्टमध्ये मी तसं लिहिलंही नव्हतं, परत वाचून बघा. पोळ्यांना मावशी यायच्या आणि त्या आल्या नाहीत की ब्रेड नाहीतर भात. माझ्याकडे वरण-भात, अंडी, पोहे आणि डबा भरणं एवढंच खातं होतं.

आता लग्नाचं. हे मला आमच्या दोन्हीकडच्या नातेवाईकांनी पण ऐकवलंय त्यामुळे उत्तर पाठ आहे. एमबीबीएस साडेचार वर्षं, त्यावर इंटर्नशिप एक वर्ष, मग सरकारी कॉलेजचा विद्यार्थी असेल तर एक वर्षाचा बॉण्ड (सक्तीची सरकारी सेवा), नीट पीजीत एखादं वर्ष जातंच, मग एमडीची तीन वर्षं, मग परत बॉण्ड, आणि पुढे डीएम, म्हणजे सुपरस्पेशालिटी, करायचं डोक्यात आलं तर आणखी तीन. अठराव्या वर्षी ॲडमिशन घेतलेली मुलगी यातून बाहेर पडते तेव्हा तिशी उलटून गेलेली असते. "अभ्यास संपला की लग्न" यातला अभ्यास नेमका कुठल्या स्टेशनावर संपतो ते मला कोणीतरी सांगा. तुमच्या मिस्टरांचं एमएस चालू असताना तुमच्या कडेवर पोर होतं म्हणजे तुम्हीही थांबला नव्हतात, मग हा नियम आत्ताच कुठून आला?

खरं सांगायचं तर नीट पीजीच्या अभ्यासाचा त्रास झालाच नाही. एकोणीस विषय, दीड-दोनच्या स्पीडला व्हिडिओ, क्यू बँक (सरावाचे प्रश्नसंच), रविवारी ग्रँड टेस्ट (पूर्ण सराव परीक्षा), हे सगळं ती करायची आणि ते तिला जमायचं, त्यात माझं काही कामच नव्हतं. त्रास झाला तो तारखांचा. तिची परीक्षा २०२१ ची. तारीख होती १८ एप्रिल. ती तेव्हा बॉण्डवर, कोविड केअर सेंटरला ड्युटी, पीपीई काढून घरी यायची, बाथरूममधून थेट आतल्या खोलीत, आणि रात्री नोट्स. १५ एप्रिलला, म्हणजे तीन दिवस आधी, परीक्षा पुढे ढकलली. दुसरी लाट होती, ढकलणं बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवी तारीख नव्हती. मग ३ मेला सांगितलं की निदान चार महिने तरी नाही. शेवटी झाली ११ सप्टेंबरला. निकाल २८ सप्टेंबरला लागला, आम्ही पेढे वाटले, सगळ्यांना वाटलं आता पोरगी कॉलेजला जाणार, तर काउन्सेलिंग (कॉलेज वाटपाची प्रक्रिया) ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाच्या, आठ लाखाच्या उत्पन्न मर्यादेवरून कोर्टात अडकलं. डिसेंबरात दिल्लीत रेसिडेंट डॉक्टर (एमडी-एमएस शिकता शिकता वॉर्ड सांभाळणारे) रस्त्यावर उतरले ते यासाठीच. ७ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला तेव्हा कुठे गाडी हलली.

या सगळ्या महिन्यांत घरातल्या माणसाचं काम काय असतं? तर फोन घेणं. मी गंमत करत नाहीये. "लागला का निकाल", "अजून कॉलेज नाही मिळालं?", "आमच्या शेजारच्यांच्या मुलीला तर लगेच मिळालं", "मग आता घरीच असते का", या चौकशा ज्या तिच्यापर्यंत पोचू द्यायच्या नाहीत. सख्ख्या आत्याशी वाजलं माझं यावरून. गौरी-गणपतीला गावी दोघांनी यायलाच पाहिजे असा घरून आग्रह होता, परीक्षा तर अगदी त्याच आठवड्यात, मी आईला सांगितलं की ती येणार नाही आणि हे मी ठरवलंय, तिने नाही. हे वाक्य महत्त्वाचं आहे ताई. सून नाही म्हणाली की त्याची वर्षभर चर्चा होते, मुलगा नाही म्हणाला तर दोन दिवस तोंड वाकडं होतं आणि संपतं. अन्याय आहे हा, मला कळतं, पण तो अन्याय आपल्या बाजूने वापरता येत असेल तर वापरावा असं माझं मत आहे.

एमडीच्या तीन वर्षांत तर सपोर्ट हा शब्दच जरा हास्यास्पद वाटतो. केंद्राचं १९९२ सालचं पत्रक आहे, रेसिडेंटची ड्युटी दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर साधारण नसावी असं त्यात म्हटलंय. जेआर-वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला, हे वाचून दाखवा, ती हसेल आणि हसता हसता झोपेल. आमच्याकडे इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी गेलेली बाई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायची, बूट काढायला खाली बसायची आणि तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटायची, एक बूट पायात. तिथे नवरा काय करणार? बूट काढणार. त्याच्या पुढचं कामाच्या तासांचं जे आहे ते सरकारने आणि कॉलेजांनी करायचं आहे, नवऱ्याच्या चांगुलपणावर ते भागवू नये. म्हणून "नवऱ्याची साथ होती म्हणून झाली" असं जे लोक मला येऊन सांगतात ना, त्याचा मलाही राग येतो. ती झाली कारण ती हुशार आहे आणि चिवट आहे.

थिसिसमध्ये मात्र माझा हात होता, तुमच्यासारखाच. अभ्यास तिचा, पेशंट तिचे, निष्कर्ष तिचे. मी मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या माहितीचा तक्ता) एक्सेलमध्ये नीट लावला, रेफरन्सचे क्रमांक जुळवले (मधला एक काढला की पुढचे सगळे सरकतात), गाईडनी लाल पेनाने केलेली करेक्शन उतरवली आणि बाइंडिंगवाल्याकडे चकरा मारल्या. माझ्याकडे बॅकस्पेस होता. तुम्ही टाइपरायटरवर केलंत, म्हणजे मधला रेफरन्स उडाला की सगळी पानं परत? आणि कार्बन कॉपीत चूक झाली की प्रत्येक कॉपीवर वेगळी खाडाखोड? मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि एक काम मी केलं त्याचा मला अभिमान आहे, ते म्हणजे पेशंट होणं. प्रॅक्टिकलला लाँग केस असते, परीक्षकांसमोर हिस्टरी, तपासणी, निदान सगळं मांडायचं असतं, त्याची तालीम घरच्या दिवाणावर. मी शर्ट काढून उताणा, ती माझ्या उजव्या बाजूला, कारण डाव्या बाजूने तपासलं की परीक्षकाची भुवई वर जाते. हात चोळून गरम करायची, मग पोटावर बोटं ठेवून "जोरात श्वास घ्या". उजवीकडे खालपासून तिरकं डावीकडे वरपर्यंत हळूहळू प्लीहा शोधत, नंतर बोटावर बोट आपटत लिव्हरची वरची कड. सुरुवातीला मला गुदगुल्या व्हायच्या आणि मार बसायचा. मग मी आजार रचायला लागलो, ताप पण आहे, पायाला सूज पण आहे, खोकल्यातून रक्त पण येतंय, तर ती वैतागून म्हणायची की तुझी हिस्टरी कुठल्याच आजारात बसत नाही, एक काहीतरी ठरव. शेवटी शेवटी मी इतका तयार झालो होतो की सूज आधी तोंडाला आली की पायाला हे तिने विचारायला विसरलं तर मीच आठवण करून द्यायचो. तोंडाला आधी म्हणजे किडनीकडे बघा, पायाला आधी म्हणजे हार्ट, एवढं वैद्यकशास्त्र मला फुकटात मिळालं.

आता तुमचा पहिला मुद्दा, जो खरा आहे. तुमचं कोणी नाव काढलं नाही आणि माझ्या पोस्टवर ढीगभर लाइक आले, हे बरोबर नाही, शंभर टक्के मान्य. पण त्यावर उपाय म्हणून मी गप्प बसायचं हे मला पटत नाही. मी गप्प बसल्याने तुमच्या टाइपरायटरला एकही लाइक मिळणार नाही. उलट ज्या मुलग्यांच्या बायका आत्ता तयारी करतायत त्यांना कळायला पाहिजे की नेमकं काय करायचं असतं, कारण "साथ दे" म्हणून सगळे सांगतात पण गणपतीला आईला कोणी फोन करायचा हे कोणी सांगत नाही. पोस्टनंतर मला आलेल्या मेलांत बहुतेक प्रश्न असेच साधे होते, मॉक टेस्ट वाईट गेली की बोलायचं की गप्प बसायचं वगैरे. (गप्प बसा. आणि काहीतरी खायला द्या.)

म्हणून माझं एक मागणं आहे. तुम्ही तीनच ओळी लिहिल्यात, त्याही माझ्यावर चिडून. तो थिसिस किती पानांचा होता, टाइपरायटरचं भाडं किती, पोर मध्येच रडलं की काय करायचात, मिस्टरांनी अर्पणपत्रिकेत तुमचं नाव घातलं होतं का, आणि नसेल घातलं तर तेव्हा भांडलात का, हे सगळं लिहून पाठवा. एक शब्द न बदलता इथेच टाकतो, वर तुमचं नाव. फोटो असेल तर तोही पाठवा, त्यात मधोमध कोण उभं आहे ते बघूच.