आंतोकू सम्राट आणि 'सामुराई खेकडे': फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

फॉरवर्ड असा: 'जपानचा ८ वर्षांचा सम्राट आंतोकू लढाई हरल्यावर आईसोबत समुद्रात बुडाला, त्याचे सामुराई योद्धे मरून खेकडे झाले, कोळ्यांनी पाठीवर चेहरा असलेले खेकडे श्रद्धेने परत सोडले म्हणून चेहरे ठळक होत गेले, हा उत्क्रांतीचा जिवंत पुरावा.' माझ्या भाच्याने हे जसंच्या तसं सायन्स प्रोजेक्टमध्ये उतरवलं आणि त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले, म्हणून लिहायला बसले.

आधी खेकडेच. ही गोष्ट खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या 'कॉसमॉस' या टीव्ही मालिकेमुळे घरोघरी गेली, आणि एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर तपासणार कोण. पण जोएल मार्टिन या खेकड्यांच्या अभ्यासकाने १९९३ मध्ये यावर लेख लिहून सगळं मोडीत काढलंय. या खेकड्याची पाठ जेमतेम ३ सेंटिमीटर, त्यात खाणार काय? तिकडे तो कुणी खातच नाही, म्हणजे जाळ्यात आला की चेहरा असो नसो, सगळेच टाकून देतात, मग निवड झाली कुठे? पाठीवरच्या त्या खाचा म्हणजे आतून स्नायू चिकटतात त्या जागा. तशाच खाचा जगभरातल्या इतर जातींच्या पाठीवर आहेत, जीवाश्मांवरसुद्धा आहेत, त्यांना कुठल्या कोळ्याने सोडलं होतं? शिवाय हा प्राणी मागच्या आखूड पायांनी शिंपला पाठीवर धरून फिरतो, म्हणजे तो चेहरा बराच वेळ झाकलेलाच.

आता बाकीचं. आंतोकूला घेऊन समुद्रात उडी मारली ती आजीने, तोकिकोने. आईनेही मारली होती, पण तिला शत्रूच्या, म्हणजे मिनामोतो घराण्याच्या माणसांनी केसांत आकडा अडकवून वर ओढलं, ती पुढे भिक्षुणी झाली. वय ८ हे जुन्या जपानी मोजणीने (जन्मताच १, मग दर नव्या वर्षाला एक वाढवायचं), तेवढं मान्य, पण जन्म ११७८ च्या शेवटी आणि ही लढाई, दान-नो-उराची, एप्रिल ११८५ मध्ये, म्हणजे आपल्या हिशोबाने पोरगं ६ वर्षांचं. ११८० मध्ये आजोबा कियोमोरीने त्याला गादीवर बसवलं तेव्हा ते जेमतेम सव्वा वर्षाचं होतं. तायरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांच्या भांडणात एवढंसं लेकरू गेलं, हे सोडून लोकांना खेकड्यांचंच अप्रूप, याचाच मला जास्त राग येतो.

आंतोकू वाचला आणि डोंगरात लपून राहिला, हीसुद्धा दंतकथाच, एकापेक्षा जास्त गावं सांगतात. अधिकृत समाधी शिमोनोसेकीला आहे. राजघराण्याच्या तीन पवित्र वस्तूंपैकी तलवार त्या दिवशी बुडाली हे मात्र खरं, आरसा आणि रत्न तेवढं परत मिळालं.