यंत्र ताडपत्रीखाली कसं न्यावं

पहिली गोष्ट, शेतात जायचं नाही. यंत्र शेतीचं असलं तरी ते बनतं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, आणि उद्यमनगरात काय नाही? लेथ आहे, वेल्डिंग आहे, चॅनेल-अँगल आहे, भंगारातून उचललेला गिअरबॉक्स आहे, वर दिवसातून चार वेळा चहा आहे. शेतात काय आहे? चिखल.

त्यातून तुम्ही ऊस तोडायचं यंत्र करणार असाल (कोल्हापुरात दुसरं काय करणार म्हणा) तर सरीचं माप शेतकऱ्याला मुळीच विचारू नका. आम्ही विचारलं आणि फसलो. तो म्हणाला, "आमची साडेतीन फुटी हाय, शेजाऱ्याची चार, आणि आबांच्या तुकड्यात जिकडं बैल वळलं तिकडं सरी वळली." असल्या माणसाला विचारून ड्रॉइंग होत असतं का? तुम्ही आपली ५ फूट धरा. कागदावर छान दिसते. यंत्र वळवायला वीस-पंचवीस फूट जागा लागते आणि तुकडा १५ गुंठ्यांचा आहे, मध्ये भावाभावांच्या वाटणीचा बांध आहे, ही अडचण तुमची नव्हे. ती त्यांच्या आजोबांची.

ड्रॉइंगवरून आठवलं. ड्रॉइंग कागदावर तरी कशाला काढायचं? आमच्या मिस्त्रींनी अख्खं यंत्र वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढलं होतं, एकास एक मापात. येणारा-जाणारा त्याच्यावरून उडी मारून जायचा. पुढं खंडेनवमीला पोरांनी भक्तिभावानं फरशी धुतली, लेथला हार घातला, नारळ फोडला. दुसरा नग करायचा प्रश्न तिथंच मिटला. तरी पहिल्या नगावरून माप घेऊन कोणी दुसरा करेल, या भीतीपोटी मिस्त्रींनी बोल्ट हाताला येईल त्या साइजचे वापरले होते. असा दूरदर्शी माणूस शोधा.

वेळेचंही भान हवं. तोडणीला माणसं मिळत नाहीत, टोळीनं उचल घेतली आणि आलीच नाही, ही ओरड दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते. तेव्हा तुम्ही यंत्राची कल्पना मांडा. सगळे माना डोलावतील. मग निवांत काम करत यंत्र एप्रिलात तयार करा, म्हणजे कारखान्याचा पट्टा पडलेला, गाळप संपलेलं असतं आणि शिवारात तोडायला ऊस नसतो. वर्षातून एकच हंगाम, म्हणजे चाचणीही एकच. एखादा पुली-पट्टा बदलायचा तर पुढच्या दिवाळीनंतर कळणार बदल बरोबर होता की नाही. या हिशेबानं पाच सुधारणांना पाच वर्षं, आणि तोवर भांडवल घालणाऱ्या मेहुण्याचा धीर सुटतो.

प्रात्यक्षिक मात्र करा. त्याशिवाय फोटो कसा येणार? ऊस उभा, सरळ, शिस्तीतला निवडा. पंचगंगेच्या काठचा, पुरात लोळलेला आणि परत वाकडातिकडा वर आलेला ऊस चुकूनही घेऊ नका; तो यंत्राच्या तोंडात कुठून शिरेल सांगता येत नाही. आमच्या प्रात्यक्षिकाला मंडप होता, पाहुणे होते, फेटे होते. दोन सऱ्या झकास तुटल्या. तिसऱ्या सरीला पट्टा उडाला, पण तोवर सत्कार सुरू झाला होता.

धोका वेगळाच असतो. गर्दीत एक म्हातारी होती, डोईवर पदर, हातात खुरपं. पंख्यानं उसाचे हिरवे शेंडे (हेच वाडं, जनावरांचा चारा) आणि पाचट भर्रकन मागं उडवलेलं तिनं बघितलं आणि विचारलं, "आणि वाडं रं?"

मी म्हटलं, "आजी, वाडं बारीक होऊन पाचटाबरोबर मातीत जातंय. सेंद्रिय कर्ब वाढतो जमिनीचा."

"व्हय, पण म्हशीला काय कर्ब घालू?"

लोक हसले. मी पण हसलो. तुम्हीही हसा, आणि हा प्रश्न वहीत लिहू नका. लिहिलात तर शेंडे वेगळे गोळा करायची सोय करावी लागेल. मग पुढचा विचारेल, मशीनच्या उसाला कारखाना पाचटाची कपात लावतो ती कोण भरणार? तिसरा म्हणेल, कांडी झालेला ऊस लवकर वाळतो, वाहन वेळेत आलं नाही तर वजन कोण देणार? अशानं यंत्र उपयोगाचं व्हायला लागतं. थेट बाजाराची वाट ती.

आपण काही एकटे नाही, याचा दिलासा बाळगा. अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्सनं १९५९ साली इंधन-घटावर, म्हणजे फ्युएल सेलवर चालणारा ट्रॅक्टर केला. १,००८ घट, त्यातून निघणारी ताकद सुमारे २० हॉर्सपॉवर. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९६१ साली ट्रॅक्टरला चक्क गॅस टर्बाइन बसवलं. ते किंचाळायचं आणि इंधन ढोसायचं. दोन्ही ट्रॅक्टर शेवटी स्मिथसोनियन संग्रहालयात गेले. फिनलंडमध्ये सहा पायांवर चालणारं जंगलतोडीचं यंत्र झालं, ते बाजारात काही आलं नाही. त्यांचं नशीब थोर, त्यांना संग्रहालय मिळालं. आपल्याला शेड आहे. टर्बाइनवाल्यांकडून एक हलगर्जी मात्र झाली. त्या ट्रॅक्टरमध्ये चाकांना तेलाच्या दाबानं फिरवणारी हायड्रोस्टॅटिक यंत्रणा होती, ती निसटली आणि १९६७ पर्यंत विकायच्या ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसली. असे सुटे भाग सांभाळा.

आणि किर्लोस्करांचं उदाहरण कोणी दिलं तर विषय बदला. आपल्याच बाजूचा माणूस म्हणून लोक हटकून देतात. १९०३ च्या सुमारास बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. दोन वर्षं! एवढ्यात आपण तीन प्रदर्शनं, दोन पुरस्कार आणि एक मुलाखत उरकतो.

अनुदानाच्या यादीत नाव घालायचा मोह अनेकांना होतो. त्यासाठी मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो, आणि तिथं यंत्र तासन् तास चालवून बघतात. पाहुणे नाहीत, फेटे नाहीत. आपलं यंत्र हारतुऱ्यांच्या सवयीचं. मी एकदा फॉर्म आणला होता. मेहुण्यानं त्याच्यावर भेळ खाल्ली.

आमचं यंत्र आता चौथं वर्ष ताडपत्रीखाली आहे. ऊस शिरायच्या तोंडाशी कोंबडी अंडी घालते, जागा तिला पसंत आहे. गेल्या पावसाळ्यात ताडपत्री उचलून बघतो तर गिअरबॉक्स गायब. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या म्हातारीच्या नातवानं मिस्त्रींना विचारून सोडवून नेला आणि कडबाकुट्टीला बसवला. हक्कानं परत मागायला गेलो. गोठ्यात कुट्टी घरघरत होती, वाडं भराभर बारीक होत होतं, दोन म्हशी मान खाली घालून खात होत्या. आजीनं बसायला पोतं टाकलं आणि चहा ठेवला. निव्वळ दुधाचा, घट्ट, वर साय आलेली.

गिअरबॉक्सचं विचारायचं राहिलं.