अचानक मेलेली मेंढी सोलू नका

आमच्या हातकणंगले भागातल्या मेंढपाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय: ‘मेंढी अचानक मेली तर घाबरू नका. कातडं सोला, रक्त वाहून जाऊ द्या, दोष निघून जातो. मीठ चोळून वाळवलं की जंतू मरतात. पूर्वी कुणाला काही झालं नाही. हातमोजे नकोत, चिरलं तर हळद पुरे.’

मेंढी गेली, निदान कातडं-लोकर तरी हाती लागावी, ही तळमळ मला कळते. पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यासोबत लोकर उधळणारी माणसं आम्ही. ती मातीत पुरायची म्हटलं की जीव तुटतो. पण या मजकुराने माणूस दगावेल.

आधी रक्ताचं. नाका-तोंडातून काळपट, न गोठणारं रक्त, अंग फुगलेलं पण नीट न ताठलेलं, ही काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्स रोगाची खूण. कधी रक्त दिसतही नाही, म्हणून अचानक मेलेल्या जनावराला पशुवैद्य येईपर्यंत सुरी लावायचीच नाही. बंद शरीरात हे जंतू कुजण्यासोबत बरेचसे मरतात. अंग फाडून रक्ताला हवा लागली की त्यांचे बीजाणू होतात आणि मातीत कित्येक दशकं टिकतात. रक्त वाहू दिलं म्हणजे दोष गेला नाही, वाड्याच्या जागेत पेरला.

मीठ कातड्यातलं पाणी ओढतं, म्हणून ते सडत नाही. निरोगी जनावराच्या कातड्याला ते ठीकच. बीजाणू मात्र मिठाने मरत नाहीत, वाळवल्यानेही नाहीत. आपण मीठ लावून विकलेलं कातडं पुढे कमावणाऱ्याच्या उघड्या हातात जातं, हेही ध्यानात घ्या.

‘पूर्वी काही झालं नाही’ हे तर साफ खोटं. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत लोकर निवडणारे कामगार याच रोगाने मेले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने लोकर निर्जंतुक करण्याची शिफारस केली. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही हा रोग कळवणं बंधनकारक केलं.

कातर चालवताना जाड हातमोजा अडतो, हे मान्य. पण निरोगी जनावराचं कातडं सोलतानाही रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि हातावरची जखम झाकलेली हवीच. ओठांवर खपल्या धरलेली, मावा झालेली मेंढी कातरायला घेऊ नका. तो माणसाच्या बोटांना होतो. आणि कातर लागली तर जखम साबणाने धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हळद ते काम करत नाही.

काळपुळीची पुळी आधी खाजते, मग मधोमध काळी खपली धरते आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच आपली माणसं ती अंगावर काढतात. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा किंवा जवळचा दवाखाना, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, ‘मेंढी सोलली होती.’ वेळेत औषध मिळालं तर ती बरी होते. मेंढीसाठी पशुवैद्य बोलवायचा नंबर १९६२.