पेपला नारळ द्यायला निघालेल्यांनो, जरा दम धरा

काल रात्रीपासून डोकं तापलंय. आमच्या मँचेस्टर सिटीची मॅच बरोबरीत सुटली म्हणून आमचा कोच पेप ग्वार्डिओलाला काढा असा ओरडा चाललाय. आज २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना, आई सकाळपासून तीनदा म्हणाली सणाचं तोंड पाडून बसू नकोस, पण जमत नाहीये, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

हॉलमधला टीव्ही भारत-पाकिस्तानला गेला होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मी आपला गॅलरीत मोबाईलवर इंग्लंडच्या प्रीमियर लीगची आर्सेनल-सिटी मॅच लावून उभा. नवव्या मिनिटाला आमच्या हालंडचा गोल. आपल्याच हाफमधून सुटलेला काउंटर, रायंडर्सनं बॉल पुढं नेला, बरोबर वेळेला सोडला, विषय संपला. आणि मग पुढचा दीड तास जीव मुठीत. बॉल सगळा त्यांच्याकडं. शेवटी शेवटी फोडेन बाहेर, हालंडपण बाहेर, मागं पाच जण, त्यांच्यापुढं चार, आणि मी कठडा धरून घड्याळ बघतोय. ९३वं मिनिट. त्यांच्या एझेनं मागून उचलून टाकला, मार्टिनेली पळाला, आमचा गोलकीपर डोन्नारुम्मा पुढं आला होता, त्याच्या डोक्यावरून बॉल आत. १-१. कानात इअरफोन असूनही हॉलमधला आरडाओरडा ऐकू येत होता, तिकडं कुणीतरी सिक्स मारला असणार. मी मोबाईल कुंडीवर पालथा ठेवला आणि तुळशीकडं बघत उभा राहिलो, एवढंच.

तेवढ्यात जाहिरात लागली म्हणून दाजी गॅलरीत आले. मोबाईल उचलून स्कोअर बघितला, खाली पझेशनचा, म्हणजे बॉल आमच्याकडं किती वेळ होता त्याचा आकडा बघितला, ३३ टक्के, आणि म्हणाले, "अरे बॉल तर तुमच्याकडं नव्हताच की! सगळी गोलपुढं गोळा करून उभी केल्यात. नारळ द्या आता तुमच्या पेपला, संपलं त्याचं."

मी "व्हय दाजी" म्हणालो. दुसरं काय म्हणणार, ताई दारात उभी होती. पण मला झोप लागलेली नाही. कारण हेच दाजी, हेच, २०२३ च्या जूनमध्ये इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलला रात्री साडेबारा वाजता माझ्या शेजारी बसून जांभया देत म्हणत होते, "नुसता पास पास पास, ह्याला काय फुटबॉल म्हणायचं व्हय, मारा की लांब." आपल्या रॉड्रीनं ६८व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा ते झोपले होते. म्हणजे पास दिले तरी पेप वाईट, लांब मारला तरी पेपच वाईट. दाजी २०१३ पर्यंत मँचेस्टर युनायटेडचे, त्यांचा कोच फर्ग्युसन गेल्यावर मेस्सीचे, आता मेस्सी अमेरिकेत खेळतो तर दाजी कुणाचेच नाहीत, फक्त आमच्या विरोधात आहेत. बरं, घरातलं माणूस, सोडून देऊ.

पण ग्रुप उघडला तर तिथं आपलीच माणसं! सिटीची! तीस-पस्तीस जणांचा आमचा ग्रुप, कोल्हापूरचे जास्त, थोडे सांगली-इचलकरंजीचे, आणि रात्री साडेअकराला एकानं पोल टाकलेला, पेप कधी जावा: आत्ता, सीझन संपल्यावर, की २०२७ ला कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर. "राहावा" हा पर्यायच नाही! कुणी टाकलाच नाही! आणि खाली नारळांची रांग. नारळांच्या इमोजी टाकत बसलेत शहाणे. "हा आपला पेप नाही." "त्यानं स्वतःचं तत्त्व विकलं." "मोरिन्हो झाला हा", म्हणजे नुसता बचाव करणारा कोच. आणि एका महाभागानं लिहिलं, "असं खेळण्यापेक्षा हरलेलं बरं."

हरलेलं बरं?

भावा, मागच्या वर्षी तू कुठं होतास? ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत १३ मॅचमध्ये एक, फक्त एक मॅच जिंकलो होतो आपण. हरलो कुणाकुणाकडून? टॉटनहॅम, बोर्नमथ, स्पोर्टिंगकडून ४-१, ब्रायटन, परत टॉटनहॅम आपल्याच घरी ४-०. फेयनूर्डला ७५व्या मिनिटापर्यंत ३-० नं पुढं होतो आणि ३-३ करून घरी आलो. पेपच्या नाकावर, कपाळावर त्याच्याच नखांचे ओरखडे होते, मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला होता आणि मला पोटात कसंतरी झालं होतं. लिव्हरपूलच्या मैदानावर, अॅनफिल्डला, लोक त्याला उद्या सकाळी तुझी नोकरी जाणार म्हणून गाणं म्हणत होते आणि तो सहा बोटं दाखवत उभा होता. सहा लीग. ते हरणं बरं होतं का? त्यानंतर फेब्रुवारीत ह्याच आर्सेनलनं ह्याच मैदानावर पाच घातले, ते बरं होतं का?

आणि तेव्हा ह्याच ग्रुपमध्ये काय लिहीत होता तुम्ही? माझ्याकडं सगळं आहे, मी डिलीट करत नाही. "हट्टी आहे." "हाय लाइन सोडत नाही", म्हणजे सगळे डिफेंडर मैदानाच्या मध्यापर्यंत वर चढवून खेळतो. "एका काउंटरमध्ये सगळी टीम उघडी पडते." "प्लॅन बी नाही टकल्याकडं." झालं, आता काढला प्लॅन बी, सोडली हाय लाइन, पाय थकलेली टीम मागं आणून उभी केली, तर म्हणे तत्त्व विकलं. माणसानं करायचं काय?

मुळात कसलं तत्त्व? कुठला पेप तुमचा "खरा पेप"? तारीख सांगा. २०१६ ला आल्या आल्या त्यानं गोलकीपर जो हार्टला काढलं, ब्राव्होला आणलं, लेस्टरनं चार घातले, एव्हर्टननं चार घातले, ते पहिलं वर्ष एक कप नाही. तो खरा? का २०१७-१८ चा, स्टर्लिंग आणि साने दोन्ही टोकांना, १०० पॉइंट, १०६ गोल? का २०२०-२१ चा, जेव्हा स्ट्रायकरच नव्हता आणि गुंडोअन गोल मारत सुटला होता? २०२३ ला त्यानं चार सेंटर बॅक, म्हणजे मधले डिफेंडर लावले, स्टोन्सला मिडफिल्डमध्ये पाठवलं, आणि पुढं उंचापुरा नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर हालंड, ज्यानं लीगमध्ये ३६ गोल मारले. बार्सिलोनावाल्या पेपला दाखवलं असतं तर तोसुद्धा म्हणाला असता हे काय. ट्रेबल, म्हणजे एका सीझनमध्ये तीन मोठे कप, त्याच टीमनं आणलं ना? टिकी-टाका, म्हणजे सारखे छोटे छोटे पास, हा शब्द स्वतः त्यालाच आवडत नाही, नुसता पाससाठी पास द्यायला त्याचा विरोध आहे हे तो जर्मनीत बायर्न म्युनिकला होता तेव्हापासून सांगतोय. तुम्ही ज्या मूर्तीची पूजा करताय ती त्यानं बसवलेलीच नाही, तुम्ही बसवली, आणि आता ती हलली म्हणून त्याच्यावर चिडताय.

दर दोन वर्षांनी हा माणूस स्वतःचंच मोडून नवीन बांधतो. म्हणून जिंकतो. लागोपाठ चार लीग इंग्लंडमध्ये ह्याच्याआधी कुणी जिंकल्या नव्हत्या, फर्ग्युसननंसुद्धा नाही.

आणि एक सांगा, बरोबर वर्षापूर्वी, २२ सप्टेंबर २०२४, आपल्या मैदानावर, एतिहादवर, हीच मॅच. त्यांच्या ट्रोसार्डला रेड कार्ड, आर्सेनलचे दहा जण, अख्खा सेकंड हाफ आपल्या डोळ्यांदेखत गोलपुढच्या बॉक्समध्ये तळ ठोकून बसले, आणि ९८व्या मिनिटाला स्टोन्सनं २-२ केलं. त्यांची पोरं तेव्हा त्याला लढाई म्हणाली. मान्य, आपल्याच प्लेयरनी आणि आपणपण तेव्हा नाकं मुरडली होती, एकच टीम फुटबॉल खेळली म्हणून. मीपण मुरडली होती, चूक होती माझी. मागं बसून बचाव करणं हेसुद्धा कष्टाचंच काम आहे हे काल कठडा धरून उभं राहिल्यावर कळलं. त्याच मॅचमध्ये रॉड्रीचा गुडघा गेला. अख्खा सीझन त्या गुडघ्याबरोबर गेला, आणि ह्यांना वाटतं पेपचं डोकं गेलं.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर बसणाऱ्या माणसाला तर हे समजावून सांगायची वेळच यायला नको. आपल्या पेठेची, तालमीची टीम १-० नं पुढं आणि दहा मिनिटं राहिली की आपल्या मागं बसलेले काका काय ओरडतात? फर्स्ट हाफभर "खाली ठेवून खेळा रे, खाली ठेवून" म्हणणारा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडतो, "बाहेर मार! स्टेडियमच्या बाहेर मार!" आणि बॉल खरंच भिंतीपलीकडं गेला तर टाळ्या पडतात, बॉल परत येईपर्यंत दोन मिनिटं गेली म्हणून आजूबाजूचे एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात. तिथं कधी कुणी म्हणालंय का की तत्त्व विकलं? तालमीचा कप आला की विषय मिटतो. मग मँचेस्टरच्या माणसाला वेगळा कायदा का?

बरं, थकवा म्हणून काही असतो की नाही? रविवारी १४ ला युनायटेड, ३-० नं चोपलं, तेव्हा एकाचा नारळ नाही. गुरुवारी नापोली, आपला जुना डी ब्रुयना त्यांच्याकडून पहिल्यांदा परत आलेला, २-०. आणि रविवारी परत लंडन. आठ दिवसांत तीन मॅच, तिसरी आर्सेनलच्या घरी. टीम अर्धी नवीन. डी ब्रुयना गेला, एडरसन गेला, वॉकर गेला, अकांजी गेला. गोलकीपर येऊन अजून महिना नाही झाला. जो माणूस एडरसनच्या पायातून खेळ सुरू करायचा त्याच्याकडं आता हातानं गोल वाचवणारा कीपर आहे, मग खेळ बदलणार नाही तर काय होणार? तव्यावर भाकरी टाकून पुरी फुगली नाही म्हणून ओरडायचं?

मला काल काय खुपलं तेपण सांगतो, नाहीतर म्हणाल हा पेपचा भक्त आहे. हालंडला काढायला नको होतं. तो उभा असता तर त्यांचे दोन सेंटर बॅक मागंच अडकले असते, तो गेल्यावर त्यांना भीतीच राहिली नाही, सगळे वर आले. पाच डिफेंडर लावले ते ठीक, पण बॉल क्लिअर केला की तो धरायला पुढं कुणीतरी लागतं ना. आणि शेवटच्या क्षणाला लाइन एवढी वर कशी होती की एका उचललेल्या बॉलवर मार्टिनेली मोकळा सुटतो? ह्यावर बोला की. ह्यावर तासभर भांडायला मी तयार आहे, चहा माझ्याकडून. पण ह्यावर एक मेसेज नाही. सगळं भांडण कशावर, तर तो जाणार कधी आणि त्याच्या जागी कोण. पोरगी बघायला निघाल्यासारखी नावं काढतायत एकेक, स्थळं आणतायत.

ग्रुपमधले बरेच जण २०१९ नंतर आले, मुंबई सिटी ह्या फुटबॉल क्लबात आपल्या मालकांनी मोठा हिस्सा घेतला तेव्हा. त्यांचं मनापासून स्वागत, नवीन असणं हा गुन्हा नाही. पण बाबांनो, तुम्ही वाईट दिवस बघितलेच नाहीत, मागचा एक सीझन सोडला तर. तोही काय, तिसरा नंबर, ७१ पॉइंट, एफए कपची फायनल पॅलेसकडून १-० हरलो. लोक ह्याला सर्वनाश म्हणतात! शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अशी म्हातारी माणसं आहेत जी पाच-पाच वर्षं कप न बघता दर मॅचला भर उन्हात येऊन बसतात आणि पुढच्या वर्षी परत येतात.

आणि ते दुसरे, एक्सजीचे, म्हणजे किती गोल व्हायला हवे होते त्या हिशोबाचे, स्क्रीनशॉट टाकणारे. मॅच बघत नाहीत, झोपतात, सकाळी उठून आकडा टाकतात. तिसरे, दर वेळी "पैशानं जिंकलं" म्हणणारे. चौथे, ११५ ११५ करणारे, म्हणजे पैशाचे नियम मोडल्याचे सिटीवरचे ११५ आरोप. अरे ११५ चा निकाल लागायचा तेव्हा लागेल, जो लागेल तो डोळे उघडे ठेवून वाचू, पण मार्टिनेलीच्या गोलचा त्याच्याशी काय संबंध? आणि टकल्या म्हणणं बंद करा, तीस वर्षं ह्या खेळासाठी डोकं झिजवणाऱ्या माणसाला केसांवरून बोलता, लाज वाटत नाही?

तो जाईल. एक दिवस जाणारच आहे, मला ते माहीत आहे, आणि त्या दिवशी मी जेवणार नाही हेपण माहीत आहे. पाच मॅचमध्ये सात पॉइंट आहेत, लिव्हरपूलचे पंधरा, लीग अवघड आहे, तेही दिसतंय मला. पण ज्यानं आपल्याला फुटबॉल बघायला शिकवलं, बॉल नसलेला प्लेयर कुठं उभा आहे ते बघायला शिकवलं, त्याला ९३व्या मिनिटाच्या एका गोलवरून इमोजीचा नारळ देऊन मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. जायचं तेव्हा तो त्याच्या पायानं जाऊ दे.

पोलवर मत दिलेलं नाही. चौथा पर्याय टाका, मग देतो. शनिवारी घरी बर्न्ली आहे, वॉकर त्यांच्या जर्सीत एतिहादवर येतोय, दाजीही शनिवारी येणार आहेत, पण ह्या वेळी टीव्ही माझा आहे, आईला आत्ताच सांगून ठेवलंय.