हरकत घ्यावी तर अशी

घरामागच्या मोकळ्या जागेभोवती पत्रे लागले, पत्र्यांवर नव्या गृहप्रकल्पाची पाटी चढली आणि पाटीवरच्या चित्रात इमारतीपेक्षा झाडं उंच दिसली, की समजावं, आपल्यावर नागरी कर्तव्याची वेळ आली. घाबरू नका. वर्षानुवर्षं जिन्यात नजर चुकवणारे शेजारी आता मध्यरात्रीपर्यंत एकमेकांना निरोप धाडतील. कृती समिती स्थापन होईल, अध्यक्ष कोण यावरून तिच्यात फूट पडेल आणि दोन्ही गट तितक्याच जोमाने प्रकल्पाला विरोध करतील. एवढी एकी दुसऱ्या कशानेही साधत नाही.

हरकत नोंदवायला मुदत थोडी असते, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. हरकतीचं शास्त्र एका वाक्यात मावतं: जिच्यावर उपाय निघू शकतो अशी तक्रार चुकूनही करायची नाही.

उदाहरणार्थ, पाणी. तुमच्या गल्लीच्या टोकाला रस्त्याखालून जाणारी मोरी आहे. कधी वाकून पाहिलीत तर दिसेल की पाइप निम्म्यापर्यंत गाळाने भरलाय, उरलेल्या निम्म्यात कुणीतरी केबल आडवी ओढलीय आणि त्या केबलला पिशव्यांची, काटक्यांची झालर लागलीय. आज मागच्या मोकळ्या जमिनीवर पडणारा पाऊस बराचसा तिथेच मुरतो. उद्या त्या जागेवर काँक्रीट आलं की तोच पाऊस काही मिनिटांत याच पाइपाच्या तोंडाशी येऊन उभा राहील. ही शंका शंभर टक्के खरी आहे. आणि नेमकी म्हणूनच ती घातक आहे.

कारण ती मोजता येते. जमीन किती, उतार किती, तासाला पाऊस किती पडतो, पाइप किती रुंद, एवढं कळलं की कुठलाही बरा अभियंता कागदावर उत्तर काढून देतो. आवारात साठवण टाकी बांधा, पाणी हळूहळू सोडा, थोडी जमीन उघडी ठेवा, मोरी बिल्डरच्या खर्चाने मोठी करून घ्या. समजा बिल्डर उठून म्हणाला, ‘मान्य’? मग तुम्ही काय करणार? हरकत संपली, प्रकल्प मंजूर, आणि वर मोरीही दुरुस्त. शिवाय गणित मांडायला बसलेला माणूस तुमच्या आवाराकडेही बघणार. गाड्या उभ्या करता याव्यात म्हणून तुम्ही मागच्या वर्षी सगळं अंगण फरशीने मढवलंत, त्याचं पाणी कुठे जातं, असं त्याने भर सभेत विचारलं तर? तेव्हा मोरीचं नाव काढू नका. अग्निशमनाची गाडी वळेल का, दिवसभर पुरेल इतका पाणीपुरवठा आहे का, शाळेत जागा आहे का, हेही त्याच जातीचे प्रश्न. त्यांना उत्तरं असतात. टाळा.

सावली उत्तम. इमारत आली की सावली पडणारच, तिच्यावर कुठल्याही अभियंत्याकडे औषध नाही. आणि तिला परंपराही आहे: इंग्लंडमध्ये 1832 च्या एका कायद्याने, खिडकीतून सलग 20 वर्षं उजेड येत असेल तर त्या उजेडावर हक्क सांगता येतो. पण खरं कौशल्य बघायचं तर सॅन फ्रान्सिस्कोत. तिथे एका लॉन्ड्रीच्या जागी 75 घरं बांधायची होती. आधी ती लॉन्ड्री ऐतिहासिक महत्त्वाची आहे का, याचा रीतसर अभ्यास झाला. इतिहास पुरेसा सापडेना, तेव्हा 2018 मध्ये सावली शेजारच्या शाळेच्या मैदानावर पडेल हा मुद्दा पुढे आला. एरवी मुलांच्या डोक्यावर टोप्या चढवून ‘उन्हात जाऊ नका’ म्हणणारे आपण सगळे. पण सावली इमारतीची असली की ती मुलांना बाधते, हे लक्षात ठेवा.

वन्यजीवांकडेही दुर्लक्ष नको. त्या जागेवर आजवर तुम्ही फक्त भटकी कुत्री आणि राडारोडा पाहिला असेल, तरी दुर्बीण विकत घ्या. कॅलिफोर्नियातल्या वुडसाइड या धनिकांच्या गावाने जो आदर्श घालून दिलाय तो डोळ्यांपुढे ठेवा. 2022 च्या सुरुवातीला राज्यात नवा कायदा लागू झाला: एका कुटुंबाच्या भूखंडावर दोन घरं बांधायला मुभा. गावाने जाहीर केलं की आमचं आख्खं गाव म्हणजे प्यूमाचा, म्हणजे तिकडच्या बिबट्याएवढ्या रानमांजराचा, अधिवास आहे, सबब दुसरं घर बांधता येणार नाही. पहिलं घर, त्याचं गॅरेज आणि पोहण्याचा तलाव प्यूमाला चालत होते असं दिसतं. राज्याच्या महाधिवक्त्यांचं खरमरीत पत्र आलं आणि प्यूमा जसा आला तसा निघून गेला. (खरी पाणथळ जागा, खरं जुनं जंगल बुजवून इमले उठवणारेही कमी नाहीत. पण त्यांच्याविरुद्ध लढायला वर्षानुवर्षं कागद गोळा करावे लागतात, आणि आपल्याला तर गुरुवारपर्यंत हरकत द्यायचीय.)

आवाजाचा मुद्दा जपून वापरा, पण वापरा. म्हणजे बांधकामाचा आवाज नव्हे. त्याच्या वेळा ठरवून देता येतात, म्हणजे पुन्हा उपाय आला. माणसांचा आवाज म्हणा. कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीत विद्यापीठाला सुमारे 1,100 विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधायचं होतं. विरोधकांनी 1970 च्या पर्यावरण कायद्यावर बोट ठेवलं, आणि 2023 मध्ये अपील न्यायालयाने विद्यापीठाला ठणकावलं की विद्यार्थी जो गोंगाट करतील त्याचा विचार तुम्ही केलेला नाही. शेवटी त्याच वर्षी राज्याला कायद्यात लिहून घ्यावं लागलं की घरात राहणाऱ्या माणसांचा आवाज हा पर्यावरणावरचा दुष्परिणाम धरू नये. 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला.

याला हरणं समजू नका. हरकतीचं काम वेळ खाणं हे आहे. बिल्डरच्या कर्जावर व्याज रोज चढतं, तुमच्या हरकतीला एका कागदाचा खर्च. ते व्याज पुढे कोण भरतं म्हणाल, तर तिथे घर घेणारा भरतो. तो आज सभेत नसतो, त्यामुळे त्याची हरकत येत नाही.

आता मसुद्याकडे. पहिलं वाक्य ठरलेलं आहे, त्यात फेरफार करायचा नाही: ‘आमचा विकासाला विरोध नाही.’ यापुढे ‘परंतु’ आणि मग अकरा पानं. अकरा पानांत ‘परिसराचं स्वरूप’ हे शब्द जमेल तितक्या वेळा येऊ द्या. स्वरूप म्हणजे काय हे सांगायच्या भानगडीत पडू नका; विचारलंच तर व्यथित दिसा. ‘भाडेकरू’, ‘लहान घरं’, ‘कसले कसले लोक’ हे शब्द मात्र कागदावर नकोत, ते जिन्यासाठी राखून ठेवा. पूर्वी असा संकोच नव्हता. 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावच्या खटल्यात, अपार्टमेंटची इमारत ही बरेचदा आसपासच्या चांगल्या वस्तीवर जगणारं निव्वळ बांडगूळ असते, अशा अर्थाचं निकालपत्रातच लिहून ठेवलं. हल्ली इतकं स्पष्ट बोलता येत नाही. म्हणून ‘पायाभूत सुविधांवर ताण’ म्हणायचं. ताण माणसांचाच असतो, पण म्हणताना माणूस दिसत नाही.

तुमच्या घराच्या किमतीचा उल्लेख तर स्वप्नातही नको. ती घसरू नये म्हणून आपण जमलोय हे सगळ्यांना माहीत आहे, बिल्डरला तर सर्वांत आधी. पण ते बोललं की हरकतीतलं कारुण्य जातं.

पार्किंगला वेगळं प्रकरण द्या. तुमच्या इमारतीसमोरचा सार्वजनिक रस्ता ही तुमच्या गाडीची वंशपरंपरागत मालमत्ता आहे, हे गृहीत धरूनच लिहा. पहिल्या पानावर ‘प्रकल्पात पार्किंग अपुरं आहे’ अशी तक्रार करा आणि सहाव्या पानावर ‘प्रकल्पामुळे गाड्या वाढतील’ अशी. बिल्डरने गाड्यांसाठी जागा वाढवली तर दुसरी तक्रार बळकट होते, कमी केली तर पहिली. याला म्हणतात बांधेसूद हरकत.

सुनावणी कामाच्या दिवशी भर दुपारी किंवा ऐन जेवणाच्या वेळी ठेवली असेल तर आनंद माना. बोस्टन परिसरातल्या गावागावांतल्या अशा बैठकांची इतिवृत्तं संशोधकांनी तपासली तेव्हा आढळलं की बोलायला उठणारे इतर रहिवाशांपेक्षा वयाने मोठे, जुने आणि घरमालक असण्याची शक्यता जास्त, आणि बहुतेक जण विरोधात बोलणारे. ज्यांना घर हवं असतं ते त्या वेळी कामावर तरी असतात, लांबच्या भाड्याच्या खोलीकडे निघालेल्या गाडीत लोंबकळत तरी असतात. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. वाहतूक अहवालात गाड्या सुट्टीच्या दिवशी मोजल्या आहेत का, ते आधी बघून ठेवा. मोजल्या असल्या तर गप्प बसा, कारण तेही दुरुस्त करता येतं.

मग येईल तडजोड. बिल्डर तुमच्यापेक्षा जुना खेळाडू आहे. त्याला दहा मजले हवे असतात, म्हणून तो चौदा मागतो. तुम्ही मोर्चा काढता, उपोषणाचा इशारा देता, तो कपाळावर हात मारतो, चार मजले सोडतो आणि मान खाली घालून बाहेर पडतो. बाहेर पडल्यावर त्याच्याकडे बघू नका, तुमचा उत्साह जाईल. विजयाचा जल्लोष करा. कापलेल्या मजल्यांबरोबर सहसा लहान, परवडणारी घरं गेलेली असतात आणि उरलेली मोठी नि महाग झालेली असतात, म्हणजे समितीच्या जिन्यातल्या मागण्याही न लिहिता मान्य झाल्या. बदल्यात तुम्हाला एक बाक, एक फलक आणि बारा शोभेची झाडं मिळतील. या चर्चेत कुणी मोरीचा विषय काढलाच तर त्याला हळूच सांगा, ‘आता जिंकतोय, फाटे फोडू नका.’

एक सावधगिरी. परक्या देशांच्या गोष्टी वाचताना ऑकलंडचं पान उलटून पुढे जा. तिथे 2016 मध्ये शहराने निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायची एकदमच मुभा देऊन टाकली. प्रत्येक भूखंडासाठी वेगळी लढाई लढायची सोयच उरली नाही, आणि बांधकाम परवाने झपाट्याने वाढले. आपल्या समितीत हे कुणाला कळता कामा नये. प्रत्येक प्रकल्प सुटा असला तरच त्याला स्वतंत्र प्यूमा मिळतो.

यथावकाश इमारत उभी राहील. दहा मजली, काँक्रीटच्या अंगणासकट, साठवण टाकीशिवाय, कारण ती कुणी मागितलीच नव्हती. पहिल्या मोठ्या पावसात केबलला अडकलेली झालर फुगेल, पाणी वर चढेल आणि तुमच्या फरशीवर नि त्यांच्या तळघरात सारखंच शिरेल. पंप लागलेले असतानाच नव्या रहिवाशांना घेऊन शिष्टमंडळ तयार करा, चिखलाचे पाय दिसतील असे फोटो काढा आणि अधिकाऱ्यांना खडसावून विचारा, ‘आम्ही तेव्हाच सांगत होतो, तुम्ही ऐकलं का?’ फक्त जुन्या हरकतीची प्रत बरोबर नेऊ नका. अधिकारी चाळायला लागले तर त्यांना सावलीवर चार पानं सापडतील.