संपाने गिरण्या बंद पडल्या, टॉवर उभे राहिले ते नियमांनी

दादा, कमेंट वाचली, सावकाश वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मुंबईतल्या टॉवरची गोष्ट मी मागच्या पोस्टमध्ये १९६३च्या मोफापासून, म्हणजे फ्लॅट विक्रीच्या कायद्यापासून सुरू केली आणि ८२चा गिरणी कामगारांचा संप दोन ओळीत गुंडाळला. तुमचे वडील त्या संपात होते, घर पार बसलं, आणि बिल्डिंगांची लाट खरी सुरू झाली ती संपामुळेच, बाकी नुसती कागदपत्रं. शेवटी हेही विचारलंय की सोलापुरात बसून मुंबईच्या फ्लॅटचं एवढं काय पडलंय.

वडिलांबद्दल आधी बोलतो. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातल्या एकाच्याही त्रासाला मी कमी लेखत नाही. पण "संपामुळे टॉवर झाले" हे वाक्य नीट बघा की. त्यात टॉवरचा दोष कुणाच्या माथी जातो? संप करणाऱ्याच्या. गिरणी बंद पडली म्हणून जमीन बिल्डरकडे गेली, म्हणजे कामगारानेच स्वतःच्या हाताने दिली, असा त्याचा अर्थ निघतो आणि मालकांना तेच पाहिजे होतं. मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून मी कायद्यांच्या मागे लागतो.

संपानंतर कितीतरी वर्षं त्या जमिनी तशाच पडून होत्या. इंडस्ट्रियल झोनची जमीन, तिथं फ्लॅट बांधून विकायची परवानगीच नाही, वरून १९७६चा कमाल जमीन धारणा कायदा, म्हणजे शहरात ठराविक मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवायची नाही (तो आपल्या सोलापूरलाही लागू होता बरं का). कुलूप उघडलं ते १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने, त्यातल्या ५८ नंबरच्या नियमाने. नियम कागदावर बरा होता, गिरणीची जमीन विकसित करायची तर तीन वाटे करा, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मालकांना ते परवडेना, म्हणून फार थोड्या गिरण्या पुढे आल्या.

मग २००१ला नियम बदलला, आणि माझ्या मते मुंबईच्या आत्ताच्या टॉवरांचा जन्म इथं आहे. बदल एवढाच की वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या जमिनीची. समजा १२ एकरची गिरणी आहे. आधीच्या हिशेबाने ४ एकर पालिकेला, ४ म्हाडाला, ४ मालकाला. आता त्या १२पैकी ९ एकरांवर शेड, गोदाम, चिमणी उभी आहे असं धरा, म्हणजे मोकळी ३ एकरच, वाटणी त्या ३चीच आणि शेड पाडल्यावर निघालेली जमीन मालकाच्या खिशात. त्या एका दुरुस्तीने बागा आणि स्वस्त घरं दोन्ही गेली. हायकोर्टाने २००५ला मोकळी जमीन म्हणजे शेड पाडून निघालेलीसुद्धा असं धरलं होतं, पण मार्च २००६मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. त्याच सुमाराला, २००५ला, एनटीसीने म्हणजे सरकारी कंपनीने पाच गिरण्या लिलावात काढल्या, त्यातली एकटी मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली. इतका पैसा घालून कुणी चाळ बांधेल का ओ?

आता १९६३ कशाला पाहिजे होतं ते. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला गोठली, म्हणून भाड्याने द्यायला घर बांधणं तोट्याचं झालं, पागडी (भाड्याने घर देताना घ्यायची एकरकमी रक्कम) वाढली आणि बांधणारे लोक फ्लॅट सरळ विकायला लागले. त्यात फसवणूक इतकी व्हायला लागली की मोफा आणावा लागला, करारनामा रजिस्टर करा, सोसायटी करून द्या, जमीन तिच्या नावावर करा. हे नसतं तर कुठल्या बँकेने चौदाव्या मजल्यावरच्या हवेतल्या खोलीवर कर्ज दिलं असतं? आणि कर्जाशिवाय नोकरदार माणूस फ्लॅट घेतच नाही. नव्वदच्या दशकात १५ टक्क्यांच्या पुढे गेलेला गृहकर्जाचा दर २००३-०४ला ८च्या आसपास आला, म्हणजे जमीन मोकळी व्हायला आणि गिऱ्हाईक तयार व्हायला एकच गाठ पडली.

आणि सोलापूरचं म्हणाल तर आपल्याकडे लक्ष्मी-विष्णू बंद पडली, नरसिंग गिरजी बंद पडली, जुनी मिल तर त्याच्या कितीतरी आधी. कामगार आपलेही देशोधडीला लागले. मग पन्नास मजल्यांचे टॉवर कुठं आहेत? तुम्ही म्हणाल इथं जमिनीला तो भावच नाही, बरोबर, मला तेच म्हणायचंय. टॉवरला भाव लागतो आणि परवानगी लागते, आणि या दोन्ही गोष्टी संप करणाऱ्याच्या हातात कधीच नव्हत्या. आपली पोरं हडपसर-वाघोलीला वीस-वीस वर्षांचे हप्ते फेडतायत, त्यांच्या करारनाम्यात हाच मोफा आहे, म्हणून सोलापुरात बसून लिहितो.

वडिलांच्या गिरणीचं नाव कमेंटमध्ये नाही. म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ला काढली, २२५ चौरस फुटांची घरं. त्यांनी किंवा घरच्यांनी अर्ज भरला होता का? भरला असेल तर पावती शोधून ठेवा, आणि गिरणीचं तिकीट, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड यातलं जे काही ट्रंकेत असेल ते फेकू नका, वारसाच्या कामाला असलेच कागद लागतात. इथं खाली लिहा, पुढं बोलू.