पॉर्न स्टुडिओंचा गल्ला नेमका कुणी पळवला?

धंद्याचे धडे देणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: पॉर्न हा हॉलिवूडपेक्षा मोठा धंदा होता. कुठलं तंत्रज्ञान चालणार हे तोच ठरवायचा. मग फुकट साइट आल्या, लोकांनी पैसे देणं बंद केलं आणि कोट्यवधी डॉलरचे सिनेमे काढणारे स्टुडिओ चोरीमुळे मेले. शेवटी ‘उद्या तुमचाही नंबर’ असा इशारा. विषय अवघडल्यासारखा, त्यामुळे चारचौघांत कुणी उलट विचारत नाही. म्हणून हे एकदा लिहून टाकतो.

‘हॉलिवूडपेक्षा मोठा धंदा.’ हा आकडा कुणी मोजला? अमेरिकेत २००० च्या सुमारास १० ते १४ अब्ज डॉलरची भाषा चालायची. ‘फोर्ब्स’ने २००१ मध्ये व्हिडिओ, पे-पर-व्ह्यू, इंटरनेट, मासिकं अशी एकेक बाजू धरून बेरीज केली, तर ती २.६ ते ३.९ अब्जांच्या पुढे जाईना. बहुतेक कंपन्या खासगी, हिशेब कुणाला दाखवायचे नाहीत. मग फुगवलेल्या आकड्याचा सोस उद्योगालाही होता आणि त्याच्या विरोधकांनाही.

‘तंत्रज्ञान तेच ठरवायचे.’ सोनीची बेटामॅक्स ही व्हिडिओ कॅसेट पॉर्नमुळे व्हीएचएस कॅसेटपुढे हरली ही जुनीच लोणकढी. सोनीची सुरुवातीची कॅसेट तासाभराची होती, व्हीएचएसची दोन तासांची. अख्खा सिनेमा एका कॅसेटवर मावणं हे कुठल्याही गिऱ्हाइकाला कळणारं कारण आहे. पुढे ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन प्रकारच्या डिस्कची झुंज लागली तेव्हा डिजिटल प्लेग्राउंड या बड्या पॉर्न स्टुडिओने २००७ मध्ये एचडी डीव्हीडीच्या पारड्यात वजन टाकलं. वर्षभरात वॉर्नर ब्रदर्स ब्लू-रेकडे गेली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली. हे असे ठरवणारे!

आता मुख्य मुद्दा, चोरीचा. चोरी झाली नाही असं मी म्हणत नाही. २००६-०७ मध्ये यूपॉर्न, पॉर्नहब या फुकट साइट उभ्या राहिल्या आणि कुणीही उठून कुणाचाही सिनेमा तुकडे करून चढवू लागला. अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्यात साइटवाल्यांना पळवाट होती: मालकाने एकेका क्लिपबद्दल नोटीस द्यायची, साइटने ती क्लिप काढायची, की हात झटकून मोकळं. दुसऱ्या दिवशी तीच क्लिप वेगळ्या नावाने हजर. विविड या सर्वांत नावाजलेल्या स्टुडिओने डिसेंबर २००७ मध्ये पॉर्नोट्यूब या तशाच साइटवर दावा ठोकला. तरी लोंढा थांबला नाही.

पण हे स्टुडिओ मुळात विकत काय होते, ते बघा. १९८४ मध्ये सुरू झालेल्या विविडने ठरावीक नट्यांशी करार केले, कव्हरवर त्यांचे चकचकीत फोटो लावले आणि कॅसेट दुकानाच्या मागच्या खोलीत, केबलवर नि हॉटेलच्या टीव्हीवर नेऊन ठेवल्या. गिऱ्हाईक पैसे मोजायचं ते कथेसाठी नाही. दुसरीकडे मिळत नाही आणि कुणी बघत नाही, यासाठी. हॉटेलच्या बिलावर सिनेमाचं नाव येत नसे, ही त्या धंद्यातली खरी सोय! घरोघरी इंटरनेट आल्यावर ती सोय फुकट झाली. एकही सिनेमा चोरीला गेला नसता, तरी मागच्या खोलीचं भाडं बुडणारच होतं. भाड्याने सिनेमे देणारी ब्लॉकबस्टर कंपनी पॉर्न ठेवत नसे. तीही २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. मॅरियटने २०११ मध्ये खोल्यांतलं पॉर्न बंद करायचं ठरवलं आणि हॉटेलांना सिनेमे पुरवणारी लॉजनेट २०१३ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

शिवाय ‘कोट्यवधींचे सिनेमे’ ही काही या धंद्याची रीत नव्हती. उदाहरण म्हणून नेहमी ‘पायरेट्स’चं नाव येतं. डिजिटल प्लेग्राउंडने तो २००५ मध्ये काढला, खर्च दहा लाख डॉलरच्या वर सांगितला गेला. त्यासाठी फ्लोरिडातलं ‘बाउंटी’ हे शिडाचं जहाज घेतलं होतं. एमजीएमने आपल्या सिनेमासाठी १९६० मध्ये बांधून घेतलेलं, अस्सल लाकडी. २००८ च्या दुसऱ्या भागाला ८० लाख डॉलर लागल्याचा कंपनीचा दावा होता (मला तो जाहिरातीचाच भाग वाटतो). हे सिनेमे गाजले ते अपवाद होते म्हणून. बाकी माल एखादं घर भाड्याने घेऊन एक-दोन दिवसांत उरकलेला असायचा, तोही याच स्टुडिओंच्या नावावर.

आणि लुटारू कुठे गेले? २०१० मध्ये फॅबियन थिलमन या जर्मन माणसाने मॉन्ट्रियलच्या मंडळींकडून पॉर्नहब आणि ब्रेझर्स एकत्र विकत घेतलं. ब्रेझर्स म्हणजे पैसे घेणारी साइट, पॉर्नहब फुकट. पुढे त्याच्या मॅनविन कंपनीने यूपॉर्न घेतली, २०१२ मध्ये खुद्द डिजिटल प्लेग्राउंडही घेतली. आयत्या बिळावर नागोबा, तोही कर्जाच्या पैशावर. कंपनी पुढे माइंडगीक झाली, आता आयलो आहे. म्हणजे ‘फुकट’ हा पैसे घेणाऱ्या साइटकडे गिऱ्हाईक वळवणारा दरवाजा होता. स्टुडिओंनी असा दरवाजा स्वतः उघडला नाही, ते कोर्टात बसून राहिले.

डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांनी पॉर्नहबमधून अंग काढून घेतलं. अल्पवयीन मुलांचे आणि संमतीविना टाकलेले व्हिडिओ तिथे असल्याच्या आरोपांवरून ते प्रकरण पेटलं होतं, आणि ते चोरीपेक्षा कितीतरी गंभीर होतं. ओळख न पटलेल्यांनी चढवलेले कोटभर व्हिडिओ पॉर्नहबवरून त्या महिन्यात गेले. त्यातले किती चोरीचे, हा भाग वेगळा. इतर साइटही होत्याच. पण चोरी हेच एकमेव दुखणं असतं, तर जुन्या स्टुडिओंना थोडी तरी धुगधुगी यायला हवी होती. तसं काही झालं नाही.

‘लोकांनी पैसे देणं बंद केलं’ हे तर उघड खोटं. ओन्लीफॅन्स या साइटवर खातेदार आपले फोटो-व्हिडिओ थेट ग्राहकांना विकतात. तिच्या २०२३ च्या हिशेबात ग्राहकांनी ६.६ अब्ज डॉलर भरले. कंपनी २० टक्के ठेवते, बाकीचे खातेदारांना. तिथे स्वयंपाकी आणि व्यायामवालेही आहेत, पण गर्दी कशासाठी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. खातेदार चाळीस लाखांवर, त्यामुळे बहुतेकींच्या हाती किरकोळच लागतं. ते तिथल्या ‘स्वातंत्र्या’चे गोडवे गाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पण पैसे येतायत. जी नटी पूर्वी स्टुडिओच्या करारावर सही करायची, ती आता फोनवर शूट करून थेट विकते. मधला माणूस अजूनही आहे, फक्त तो आता लंडनची वेबसाइट झालाय.

या मजकुराच्या एका आवृत्तीत खापर लॉस एंजेलिस काउंटीने शूटिंगसाठी केलेल्या कंडोम सक्तीवरही फोडलंय. ती नोव्हेंबर २०१२ ची. त्यानंतर तिथले शूटिंगचे परवाने धडाधड घटले हे खरं, बरेच जण लास वेगासला गेले. पण ‘हसलर’ मासिकाचे लॅरी फ्लिंट आणि ‘गर्ल्स गॉन वाइल्ड’ या व्हिडिओ मालिकेचे जो फ्रान्सिस यांनी अमेरिकी काँग्रेसकडे पाच अब्ज डॉलरची मदत मागितली होती जानेवारी २००९ मध्ये. मागणी अर्धी थट्टेची होती. डीव्हीडीची विक्री मात्र तेव्हाच खरोखर घसरत होती.